मेलानोमाच्या पेशी मरत का नाहीत?

मालवणकर: काकांच्या तळपायावर काळा डाग होता, जन्मभर होडीवर अनवाणी वावर त्यामुळे सगळ्यांना वाटलं कालव लागलं असेल, बायोप्सीत मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर) निघाला आणि आता जांघेतल्या गाठीत पसरलाय. डॉक्टर म्हणाले ह्या पेशी स्वतःहून मरत नाहीत आणि आजार वाढतो तशा आणखी चिवट होतात. म्हणजे नेमकं काय होतं? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

लॅबवाली_रत्नागिरी: पेशीचं फार नुकसान झालं की मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर पडतं, ते अपाफ-१ ह्या दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं, मग कॅस्पेस नावाची एन्झाइम्स चालू होतात आणि पेशी आतूनच मोडते. मेलानोमात बीसीएल-२, एमसीएल-१ ही प्रोटीन्स सुरुवातीलाच हे अडवून धरतात. पी५३ हा बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा जीन बऱ्याचदा धड असतो तरी उपयोग होत नाही, मला तर हेच सगळ्यात भयंकर वाटतं. २००१ मध्ये दिसलं की पसरलेल्या मेलानोमात अपाफ-१ चा जीन अनेकदा बंद पडलेला असतो, म्हणजे ऑर्डर सुटते पण पुढे उचलायला कोणी नाही.

गुहागरचा: म्हणून साधी किमो चालत नाही काय?

लॅबवाली_रत्नागिरी: मोठं कारण तेच, किमो पण बरीचशी ह्याच वाटेने पेशी मारते. बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) असेल तर बिम हे मारणारं प्रोटीन दबलेलं असतं, त्यावरच्या गोळ्यांनी ते परत वाढतं. तळपायाच्या मेलानोमात ते म्युटेशन कमी सापडतं पण टेस्ट कराच, इम्युनोथेरपीचंही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारे उपचार) विचारा. आणि मालवणकर, बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, मुंबईला जाताना सोबत न्या, टेस्ट त्यावरच होते.