नार्डिल गोळी की एल्फ? औषधांच्या नावांचा पोरखेळ

सांजवारा: नैराश्यावरची गोळी की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनचं पात्र (एल्फ ही त्याच्या कथांतली एक काल्पनिक जमात), हे ओळखायचा खेळ नेटवर बरीच वर्षं फिरतोय. तुम्हीच सांगा: नार्डिल, नार्वी, एलाव्हिल, एलरॉन्ड, थ्रँडुइल. यातली नार्डिल आणि एलाव्हिल तेवढी औषधं. हसू येतं, पण ही नावं आजारी माणसाच्या माथी का? कानाला गोड, अर्थाला शून्य. गोळी कशावरची हे नावातच कळायला हवं.

फार्मसीवाली: अजिबात नको! एलाव्हिल म्हणजे अमिट्रिप्टिलीन. आज ती नसांच्या दुखण्यावर आणि मायग्रेनवरही देतात. नावात ‘नैराश्य’ असतं तर पाय जळजळणाऱ्या आजोबांनी ती घेतली असती का? आणि शेजाऱ्यांना कळलं असतं ते वेगळंच.

शिवाय तुम्ही सांगताय ती कंपन्यांची ब्रँडनावं. मूळ नावं, म्हणजे गोळीतल्या औषधाची, जागतिक आरोग्य संघटना ठरवते, पहिली यादी १९५३ची. रोग सुचवणारं नाव शक्यतो टाळायचं, हा तिथला संकेतच आहे. त्याऐवजी मूळ नावाचं शेपूट बघा: ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ रक्तदाबाची, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलची. टोल्कीनही भाषांचा प्राध्यापक, त्याच्या एका एल्फभाषेवर फिनिशची छाप, दुसरीवर वेल्शची. दोन्हीकडे व्याकरण आहे, पोरखेळ नाही.

तिरकसबाण: शेपूट बघा म्हणे! फिनारफिन आणि वॉरफरिन. पहिला एल्फ, दुसरं रक्त पातळ करणारं औषध. त्यातलं ‘वॉर्फ’ विस्कॉन्सिनच्या एका संशोधन प्रतिष्ठानाची आद्याक्षरं. शेपटीवरून काय कळलं?

एल्फ आणि गोळी यांची गल्लत झाली तर कुणी मरत नाही. गोळी-गोळीची झाली तर? हायड्रॅलाझिन रक्तदाबाची, हायड्रॉक्सिझिन खाजेची. अमेरिकेत नैराश्यावरच्या ब्रिंटेलिक्सची गल्लत रक्त न गोठण्यासाठीच्या ब्रिलिंटाशी व्हायला लागली, तेव्हा २०१६ मध्ये तिचं नाव बदलून ट्रिंटेलिक्स केलं. एक अक्षर बदललं, झालं.

कोर्टकचेरी: आपल्याकडे २००१ मध्ये फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दोन्ही बाजूंना कॅडिला नावाच्याच कंपन्या, हा आणखी एक विनोद. औषधांच्या नावांतल्या साधर्म्याला इतर मालापेक्षा कडक कसोटी लावा, असं कोर्टाने म्हटलं. ब्रँड मात्र वाढतच गेले.

सांजवारा: फार्मसीवाली, रोगाच्या नावाचा मुद्दा पटला. पण मग चिठ्ठीवर मूळ नाव का नसतं? वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच सांगितलंय: मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत.

फार्मसीवाली: या एकदा काउंटरवर, चिठ्ठ्या दाखवते. आणि मूळ नाव लिहिलं तर कुठल्या कंपनीची गोळी द्यायची हे दुकानदार ठरवणार. ते चालेल?

तिरकसबाण: म्हणजे ज्यात मार्जिन जास्त ती!

सांजवारा: तरी चालेल. पट्टीवर मूळ नाव मोठ्या टायपात आणि ब्रँड खाली बारीक, एवढं करा.