केप, दारू आणि परवाना: एका तक्रारीला उत्तर

होटगीरोडकर

काल या मंचावर एका सदस्याने लिहिले की, अमेरिकेत दुकानातून बंदुकीची दारू, प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी) आणि गोळ्या आणून घरच्या टेबलावर काडतुसे भरता येतात, आपल्याकडे मात्र रिकामी केस, म्हणजे उडालेल्या काडतुसाचे टरफल, बाळगतानाही धाकधूक वाटते, म्हणजे आपला कायदा अजून इंग्रजांच्याच भीतीत जगतो आहे. हे वाचून माझे जेवण ताटात निवले, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजांचा कायदा 1878 चा होता. आज लागू असलेला शस्त्र अधिनियम 1959 चा, म्हणजे आपणच केलेला आहे. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री घातलेली आहे. ज्या अमेरिकेचे गोडवे गायले गेले, तिथल्या 1968 च्या संघीय कायद्यातही केस, प्रायमर, गोळी आणि दारू या चारही वस्तू दारूगोळाच मानल्या आहेत. फरक व्याख्येत नाही, विकत घेणाऱ्याकडून कोणता कागद मागायचा यात आहे. ब्रिटनमध्ये तर आणखी मजा आहे. तिथे धूरविरहित दारू घ्यायला प्रमाणपत्र लागत नाही, पण 2006 च्या कायद्यापासून प्रायमर मात्र प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय विकत नाहीत. यातला विचार मला पटतो, कारण शिसे कोणीही ओततो आणि पितळेची केस मैदानावर पडलेली सापडते, पण प्रायमर घरी करणे कोणाच्या बापाला सहज जमत नाही. आपण चारही वस्तूंना सारखेच कुलूप लावले, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि जाता जाता एक सांगतो. आपल्याकडील बहुतेक नेमबाज पॉइंट 22 (बारीक काडतुसाची रायफल) किंवा एअर रायफल चालवतात. पॉइंट 22 च्या काडतुसात पेटणारा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती केस पुन्हा भरण्याची सोयच नाही. मग ही ओरड नेमकी कोणासाठी चालली आहे?

विजापूर रोड, एका नेमबाज मुलीचा बाप

माझ्यासाठी चालली आहे, साहेब. माझी मुलगी ट्रॅप खेळते, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छर्ऱ्याच्या बारा बोअर बंदुकीने टिपते. स्पर्धेच्या पात्रता फेरीत 125 लक्ष्ये असतात आणि प्रत्येक लक्ष्यावर दोन बार काढता येतात. सरावाला शंभर लक्ष्ये धरली, तरी दिवसाला किमान शंभर काडतुसे उडतात. 2020 मध्ये केंद्राने खेळाडूंचा बारा बोअरचा वार्षिक कोटा 500 वरून 5000 केला, त्याबद्दल सरकारचे आभारच मानतो, पण 5000 म्हणजे वर्षाचे पन्नास दिवस. उरलेले तीनशे पंधरा दिवस तिने काय करावे, हे आपल्या लेखात कुठे सापडले नाही. शिवाय खर्च. माझे किराणा दुकान आहे, साखर कारखाना नाही. केस पुन्हा भरता आली असती, तर निदान छर्रे, दारू, प्रायमर आणि मधला डाट एवढाच खर्च राहिला असता. व्याख्यांचा कीस काढणाऱ्याने एकदा तरी काडतुसाच्या पेटीचे बिल भरून पाहावे.

निवृत्त कारकून, उत्तर सोलापूर

परवान्याच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. परवान्याच्या पुस्तकात काडतुसे मोजून लिहिली जातात. पुस्तकात शंभर लिहिली आणि माणसाने तीच केस घरी पाच वेळा भरली, तर शंभराची पाचशे झाली. मग ते पुस्तक ठेवायचे तरी कशाला? तुमची मुलगी सरळ आहे हे मान्य, पण नियम फक्त तुमच्या मुलीसाठी लिहिलेला नसतो. कलम 5 प्रमाणे दारूगोळ्याच्या उत्पादनाला वेगळा परवाना लागतो, आणि घरी काडतूस भरणे हे माझ्या मते उत्पादनच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. किराण्याचा खर्च वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करू नये, हा वडीलकीचा सल्ला समजा.

विजापूर रोड, एका नेमबाज मुलीचा बाप

वडीलकी आपल्या घरी ठेवा. मी नियम मोडतो असे म्हटलेले नाही, नियम बदला असे म्हटले आहे. त्या टेबलापलीकडच्या माणसाला या दोन वाक्यांतला फरक कधी कळलाच नाही, हा माझा अनुभव आहे.

माढ्याचा शेतकरी

तुम्ही शहरातली मंडळी केस-केस करून भांडता आहात, म्हणून विचारतो. माझ्याकडे आजोबांच्या वेळेपासून पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. तिला काडतूसच नसते. दारू मोजून नळीत ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, वर केप, म्हणजे बाहेरून लावायची ठिणगीची टोपी, बसवायची आणि बार काढायचा. म्हणजे तुम्ही ज्याला काडतूस भरणे म्हणता, ते मी रात्री ज्वारीच्या राखणीला कंदिलाच्या उजेडात करतो. कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख सरळ शब्दांत आहे. मग निवृत्त साहेबांनी सांगावे की मी उत्पादक झालो की नाही?

माझी खरी अडचण निराळी आहे. आमच्या भागात दारू आणि केप ठेवणारा दुकानदार उरला नाही. पुण्याला जावे लागते. रेल्वेत आणि एसटीत दारू नेता येत नाही, म्हणजे केपच्या एका डबीसाठी भाड्याची गाडी करायची. त्यात 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या आणि दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात जमा झाली. दुसऱ्या वेळी ज्वारी नुकतीच वर आली होती. रानडुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

नान्नजचा माळरानप्रेमी

येथे एक गोष्ट सर्वांच्या सोयीने विसरली जात आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये झाले आणि आज त्या माळावर माळढोक दिसणे दुर्मिळ झाले आहे. काळवीट टिकला, तर तो पिकात शिरतो म्हणून लगेच बंदुकीची भाषा सुरू होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळवीट पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे आणि रानडुकरालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. पीक संरक्षणाच्या नावाखाली दारू आणि छर्रे सहज मिळू लागले, तर रात्री माळावर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. मी स्वतः छर्रे लागलेला लांडगा पाहिला आहे आणि त्याचे विव्हळणे अजून कानात आहे.

माढ्याचा शेतकरी

अहो, मी छर्रे घातले असे कुठे लिहिले? नुसत्या दारूचा बार काढला की कळप पळतो, तेवढेच मला हवे असते. छर्रे लागलेला लांडगा तुम्ही पाहिला, मी एका रात्रीत आडवा झालेला दीड एकर मका पाहिला. केप मिळेनाशी झाली की लोक काय करतात हेही ऐका. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवून बांधावर ठेवतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर अशा गोळ्याने कुत्र्याचा जबडा गेला. परवान्याची केप सुरक्षित की तो गोळा, हे माळरानप्रेमींनी ठरवावे.

अक्कलकोटकर

हद्दीपलीकडे कर्नाटकात कोडगूच्या कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यातूनच सूट आहे आणि ती 2029 पर्यंत वाढवली आहे. त्यांना चालते आणि माढ्याला चालत नाही, हा कोणता न्याय?

तरीही घरी दारू भरण्याबद्दल मला भीती वाटते, आणि तिचे कारण कलमांत नाही. माझ्या मामांनी ठासणीच्या बंदुकीत एकदा केप फुसकी निघाली म्हणून नवी केप लावण्याऐवजी, पहिली दारू आत आहे हे विसरून वर दुसरी ठासली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. मामा तीस वर्षे बंदूक वापरत होते, नवशिके नव्हते. काडतुसातही हेच होऊ शकते. पिस्तुलाच्या केसमध्ये दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी बाहेरून कळत नाही. कारखान्यात ते तपासायला यंत्रे असतात, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नसतात.

विजापूर रोड, एका नेमबाज मुलीचा बाप

मामांबद्दल वाईट वाटले. पण बोटे उसाच्या चरकातही जातात, आणि चरकाला कलम 5 लागत नाही.

होटगीरोडकर

चरकातून गोळी सुटत नाही, हा बारीकसा फरक आपल्या नजरेतून निसटला असावा. असो. माढ्याच्या अण्णांचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, हे नाइलाजाने कबूल करतो. ज्या कायद्याला एका परवानाधारकाने हाताने दारू मोजणे चालते, त्याला दुसऱ्याने मोजणे तत्त्वतः अशक्य वाटण्याचे कारण उरत नाही. निवृत्त साहेबांची मोजणीची अडचण खरी आहे, पण त्यावर तोड आहे. काडतुसांऐवजी प्रायमर मोजून परवान्यावर चढवा. एक प्रायमर म्हणजे एकच बार, केस पाच वेळा भरा की पंधरा वेळा. आणि हे काम घरी नको, नेमबाजीच्या रेंजवर, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, म्हणजे अक्कलकोटकरांच्या मामांचाही मान राहील.

निवृत्त कारकून, उत्तर सोलापूर

प्रायमर मोजण्याची कल्पना वाईट नाही, एवढे म्हणतो. मात्र ती अमलात आणायला नोंदवहीत आणखी एक रकाना लागेल, आणि एक रकाना वाढवायला माझ्या काळात किती वर्षे लागत, ते सांगितले तर मुलीचे वडील पुन्हा चिडतील. ठासणीच्या बंदुकीला उत्पादन म्हणायचे की नाही, यावर मी विचार करतो आहे. निवृत्तीनंतर वेळ आहे.

नान्नजचा माळरानप्रेमी

नुसत्या दारूच्या बाराला माझा विरोध नाही. छर्ऱ्यांना आहे आणि राहील.

माढ्याचा शेतकरी

चला, लांडग्याचे आणि माझे जमले म्हणायचे. माझी केपची डबी संपत आली आहे. पुढच्या आठवड्यात कोणी स्वतःच्या गाडीने पुण्याला जाणार असेल तर कळवावे. परवाना माझ्या नावाचा आहे, त्यामुळे नुसती यादी पाठवून भागणार नाही, मलाही गाडीत बसवावे लागेल. हुरड्याची एक पिशवी भाड्यापोटी आणीन.