आईसाठी स्क्वेअर डान्स: रोजच्या चालण्यापेक्षा वेगळे काही मिळते का?

सिएटलची_लेक:
माझी आई ६८ वर्षांची आहे आणि बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडे सिएटलजवळ राहायला आली आहे. रोज अर्धा-पाऊण तास ती नेमाने चालते, परंतु माझ्याशिवाय दिवसभरात कोणाशी चार शब्द बोलणे होत नाही. शेजारच्या आजी स्क्वेअर डान्सच्या क्लबात जातात (वॉशिंग्टनने १९७९ मध्ये या नृत्याला राज्यनृत्याचा दर्जा दिला, हे त्यांच्याकडूनच समजले) आणि आईनेही यावे, असा त्यांचा आग्रह आहे. आईचे इंग्रजी कामापुरते आहे, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे आणि परक्यांचे हात धरून नाचायचे म्हटले की तिला संकोच वाटतो. याचा प्रकृतीला खरोखर उपयोग होतो का, आणि भाषेमुळे ती एकटी तर पडणार नाही ना?

सहामाही_पाहुणा:
मी निवृत्त आहे, दरवर्षी सहा महिने मुलीकडे असतो आणि तीन वर्षांपासून हा नाच करतो आहे. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात आणि पुढे काय करायचे ते कॉलर, म्हणजे सूचना देणारा माणूस, माइकवरून सांगत जातो. या कॉलचा, म्हणजे सूचनांचा, क्रम आधी कोणालाच माहीत नसतो, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. दांडियाचा ठेका एकदा अंगवळणी पडला की मन घरच्या गॅसपाशी गेले तरी पाय चालत राहतात. इथे क्षणभर कान हटला की चौकोन विस्कटतो. ‘अ‍ॅलमंड लेफ्ट’ म्हटले की आपल्या जोडीदाराकडे पाठ करून शेजारच्या जोडीतील व्यक्तीचा डावा हात धरायचा आणि तिच्याभोवती फिरून परत यायचे, इतकेच असते. तरी पहिला महिनाभर मी उजवाच हात पुढे करत होतो आणि समोरच्या बाई हसत माझ्या डाव्या कोपरावर टिचकी मारत. चौकोन मोडला तर सगळे आपापल्या जागी परततात आणि पुढच्या कॉलची वाट पाहतात. कोणी रागावत नाही.

भाषेची चिंता करू नका. जपान आणि जर्मनीतील क्लबांमध्येही कॉल इंग्रजीतच दिले जातात, म्हणजे तिथल्यांनाही ते शब्द नव्यानेच पाठ करावे लागतात. सुरुवातीला पन्नासेक कॉल पुरतात. नाचाच्या एका फेरीला टिप म्हणतात. ती संपली की लोक पाणी पितात, गप्पा मारतात आणि पुढच्या टिपला वेगळ्या माणसांबरोबर उभे राहतात, त्यामुळे ओळखी आपोआप होतात. शिवाय आठांत एक जण कमी पडला तर चौकोन उभा राहत नाही, म्हणून न गेल्यास दुसऱ्या दिवशी फोन येतो. निवृत्तीनंतर असा फोन येण्याचे मोल काय असते, ते मी वेगळे सांगायला नको.

गुडघेतज्ज्ञ_नव्हे:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडा सावध सूर लावतो. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पाहिलेल्या शारीरिक व्यायामप्रकारांपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. मात्र हा संबंध आहे, कारण नव्हे: ज्यांची स्मृती आतून ढळू लागली आहे, त्यांनी नाच आधीच सोडला असण्याचीही शक्यता असते. शिवाय तो अभ्यास एकूण नृत्याचा होता, स्क्वेअर डान्सचा नव्हे. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर ही मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांवरची भरभर चाल आहे, पण सरळ रस्त्यावर न होणारे दिशाबदल आणि वळणे तिच्यात असतात आणि तोल सांभाळण्याचा सराव त्यातूनच होतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे चक्कर येत असेल, तर ‘स्विंग’मध्ये गरगर फिरण्याऐवजी हात धरून सावकाश चालत फिरावे, समोरच्याला आधी सांगितले की पुरते. रबरी तळव्याचे बूट टाळावेत, कारण वळताना पाऊल जमिनीला धरून राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. हाडांची घनता तपासली नसेल, तर डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करावी.

ओहायोची_सून:
वर्ग कधी सुरू होतो, ते आधी विचारा. माझ्या सासूबाईंना आम्ही अर्धा हंगाम उलटल्यावर पाठवले. बाकीच्यांचे कॉल पाठ झालेले होते आणि त्या रडवेल्या होऊन घरी आल्या. पुढच्या तुकडीत पहिल्या दिवसापासून गेल्या, तेव्हा मात्र रमल्या. संकोचाविषयी म्हणाल, तर आयुष्यभर मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळलात, मग हात धरायला कसली लाज, असे मी त्यांना विचारले होते. “तिथे सगळ्या बायकाच असायच्या,” असे त्यांचे उत्तर आले आणि ते मला पटले. मग पहिले काही आठवडे जोडीला एक बाईच द्यावी, अशी आम्ही विनंती केली. क्लबाला त्यात नवल वाटले नाही, कारण तिथे अनेक बायका पुरुषाच्या जागीही नाचतात.

सिएटलची_लेक:
सर्वांचे आभार. काल आईला नुसते पाहायला घेऊन गेले होते. दोन तास ती भिंतीलगतच्या खुर्चीवरून हलली नाही, पण आज सकाळी ओट्याशी उभी राहून डावा हात नेमका कोणाला द्यायचा, ते मला विचारत होती. नवा वर्ग जानेवारीत आहे. तोवर डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि गुळगुळीत तळव्याचे बूट शोधते आहे.