मदत हवी आहे : जुना बेस गिटार घेऊ की नको?

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीत एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांकडे जपानी बनावटीचा जॅझ बेस (बेस गिटारचं एक मॉडेल) आहे, सत्तरच्या दशकातला म्हणतात. फेंडर या अमेरिकन कंपनीचा मूळ जॅझ बेस १९६० चा, ही त्याची नक्कल. काल तासभर वाजवून पाहिला. ई तार मोकळी छेडली की पार पोटात घुमते, पण सातव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे ‘जी’ (G) तारेचा आवाज एकदम बसतो, कुणी वर उशी ठेवावी तसा. एकच पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबकी यंत्र) चालू ठेवला की गुणगुण येते, दोन्ही पूर्ण उघडले की जाते. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचं ते असतंच, त्याची चिंता नाही.

खरी शंका वेगळी आहे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) किंचित चढा लागतो. ब्रिजचे सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) मागे सरकवून भागेल, की नेकच (दांडीच) वाकलीय? तारा गंजलेल्या, त्यात अँप काकांचा आणि त्याचा बेसचा नॉब आधीच पूर्ण फिरवलेला! टोन ओळखायचा तरी कसा? नव्या तारा स्वतःच्या खर्चाने टाकून पुन्हा ऐकू का?

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) नीट समजणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? काका रविवारपर्यंतच थांबतायत.