बोदलेअर भावंडांची तेरा पुस्तकं दहा वर्षांच्या मुलांना द्यावीत का? माझं मत: द्यावीतच

गोरेगावची वाचक:
आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी मुलांचं वाचन चालतं. नऊ ते बारा वयाची मुलं असतात. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मी लेमनी स्निकेटची 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' ही मालिका सुचवली आणि पालकांच्या ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. "अनाथ मुलांच्या हालांवर विनोद कसला करायचा?" असं बऱ्याच जणांचं म्हणणं. तिथे धड बोलता येईना, म्हणून इथे मांडते.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेमनी स्निकेट हे डॅनियल हँडलर यांचं टोपणनाव. पहिलं पुस्तक १९९९ सालचं, तेरावं २००६ सालचं. बोदलेअर आडनावाची तीन भावंडं: चौदा वर्षांची व्हायोलेट (हिला यंत्रं बनवायचा नाद), बारा वर्षांचा क्लाउस (हा अखंड वाचणारा) आणि जेमतेम चार दात आलेली, दिसेल ते चावणारी सनी. घराला आग लागून आईवडील जातात. मागे मोठी संपत्ती राहते, पण व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत तिला हात लावता येत नाही. त्या पैशावर डोळा ठेवून काउंट ओलाफ नावाचा लांबचा नातेवाईक तेराही पुस्तकं त्यांच्या मागे लागतो. निवेदक सतत मधे येऊन सांगतो की ही गोष्ट वाईटच आहे, पुस्तक मिटा.

या पुस्तकांतला खरा भयंकर माणूस मला ओलाफ वाटत नाही, मिस्टर पो वाटतात. हे बँकेतले गृहस्थ, मुलांची व्यवस्था लावणारे, सदा खोकणारे, मनाने वाईट नसलेले. पहिल्या पुस्तकात मुलं धीर करून त्यांच्या बँकेत जातात. तिघांना मिळून एकच पलंग आहे, खेळायला दगडांचा ढीग दिलाय, ओलाफने क्लाउसच्या थोबाडीत मारलीय, सगळं सांगतात. पो एकीकडे फोन घेत ऐकतात आणि मग समजावतात की ओलाफ आता तुमचे पालक आहेत, त्यांना योग्य वाटेल तसं ते वाढवतील. आणि मुलांना त्याच घरी परत जावं लागतं. आपल्याकडे किती मुलांना हे वाक्य ऐकावं लागलं असेल! "ते मोठे आहेत, तुझ्या भल्यासाठीच करतात." मुलांना ही गोष्ट ठाऊक असते. ती पुस्तकात सापडली की त्यांना बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

मुलुंडकर बाबा:
माझा विरोध आहे आणि तो पुस्तक वाचून आहे. पहिल्या भागात ओलाफचा बेत काय, तर चौदा वर्षांच्या मुलीशी नाटकाच्या नावाखाली खरंखुरं लग्न लावायचं आणि पैसे लाटायचे. तान्ह्या बहिणीला पिंजऱ्यात घालून मनोऱ्याच्या खिडकीबाहेर टांगायचं आणि "लग्न नाही केलंस तर ती खाली पडेल" अशी धमकी द्यायची. हे विनोदी कसं? ज्या देशात बालविवाह अजून थांबलेले नाहीत तिथल्या मुलांना हे हसत वाचायला द्यायचं? माझी मुलगी साडेनऊची आहे. तिच्या डोक्यात हे चित्र आत्ता घालायची मला घाई नाही.

गोरेगावची वाचक:
मुलुंडकर, तुम्ही म्हणता तोच प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या प्रसंगात कुठेही ओलाफचं हसू येत नाही. क्लाउस रात्रभर जागून कायद्याचं जाड पुस्तक वाचतो आणि बेत ओळखतो. व्हायोलेट पडद्याच्या सळया वाकवून, नको असलेले कपडे फाडून त्यांचा दोर वळून आकडा बनवते आणि रात्री मनोऱ्यावर चढते. पकडली जाते, तरी डोकं चालवणं सोडत नाही. कायद्यात लिहिलेलं असतं की सही वधूने स्वतःच्या हाताने करायची. व्हायोलेट उजव्या हाताने लिहिणारी. भर रंगमंचावर ती डाव्या हाताने सही करते आणि लग्न रद्द ठरतं. दहा वर्षांच्या मुलीने यातून काय घ्यावं? की घाबरलेलं असतानाही विचार करता येतो आणि वाचलेलं कामाला येतं. बालविवाह थांबलेले नाहीत म्हणूनच हे मुलींनी वाचावं.

परळचा ग्रंथप्रेमी:
वयाचा मुद्दा बाजूला ठेवून एक सांगतो. मालिका म्हणून ती सगळी सारख्या तोलाची नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भागांत तोच साचा आहे: नवा पालक, वेषांतर केलेला ओलाफ, फक्त मुलांनी ओळखायचं, मोठ्यांनी नाही. चौथ्यात मुलांना लाकडाच्या गिरणीत कामाला लावतात आणि मजुरी म्हणून कुपनं देतात. आमच्या परळ-लालबागच्या माणसाला ते वाचताना वेगळंच वाटतं, पण कथा म्हणून तोवर दम लागतो. पाचव्यापासून, शाळेच्या भागापासून, ती खरी उभी राहते. तिथे दुसरी भावंडं भेटतात, व्ही.एफ.डी. नावाचं गूढ सुरू होतं. ज्यांनी तिसऱ्यावर सोडली त्यांनी पुन्हा धरावी.

२००४ सालच्या सिनेमात पहिली तीन पुस्तकं कोंबली आहेत. नेटफ्लिक्सवरची मालिका (२०१७ ते २०१९) जास्त निष्ठेने केली आहे, पण मुलांना आधी पुस्तकच द्या. निवेदकाचा आवाज वाचताना जसा कानात बसतो तसा पडद्यावर बसत नाही.

दादरची आजी:
मला या वादाचं नवल वाटतं. आपण मुलांना काय सांगत आलो? देवकीची तान्ही बाळं शिळेवर आपटणारा कंस. बापाच्या मांडीवरून खाली ढकललेला ध्रुव. चिमणीच्या दाराशी पावसात भिजत उभा राहिलेला कावळा आणि आत "थांब, बाळाला तीट लावते" म्हणणारी चिमणी! म्हातारीला खायला टपलेला वाघ. नातवंडं हे सगळं मिटक्या मारत ऐकतात आणि "आणखी सांग" म्हणतात. मुलांना भीती पचते, मांडीवर बसवून सांगितली तर. इंग्रजीतली दहशत तेवढी वाईट, असं म्हणू नये.

मुलुंडकर बाबा:
आजी, तुमचा मान ठेवून सांगतो. ध्रुवाला अढळपद मिळतं. कंस मरतो. म्हातारी भोपळ्यात बसून घरी पोचते. ऐकणाऱ्या मुलाला शेवटी जमिनीवर पाय टेकल्यासारखं होतं. या मालिकेत पहिल्या पुस्तकाच्या शेवटी शेजारच्या न्यायाधीश बाई, जस्टिस स्ट्राउस, मुलांना घरी न्यायला तयार असतात. प्रेमळ बाई, घरात मोठी लायब्ररी. आणि पो म्हणतात की मृत्युपत्रात नातेवाइकाकडेच ठेवा असं लिहिलंय, म्हणून नाही. मुलं पुन्हा मोटारीत बसून निघतात. हे मला, चाळीस ओलांडलेल्या माणसाला, सोसवलं नाही.

गिरगावचा वकील:
ती जागा मलाही टोचते, पण ती कल्पित म्हणून उडवून लावता येत नाही. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलांच्या मिळकतीचे वाद मी पाहतो. आईवडील गेले, चाळीतली खोली मुलांच्या वाट्याला, इमारत पुनर्विकासाला निघाली, की कधी न फिरकलेले नातेवाईक दारात. "आम्हीच सांभाळणार मुलांना." कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. हिंदू कुटुंबांसाठी १९५६चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो की नुसता ताबा घेऊन बसलेला नातेवाईक मुलाच्या मिळकतीचा व्यवहार करूच शकत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही घर विकायचं तर १८९०च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. २०२१ साली कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं, त्यामागेही हाच विचार होता की पैसा मुलाचाच राहावा.

पण कायदा कागदावर आणि मुलं त्या घरात. लेखकाने नेमकं हेच धरलंय. पो कुठलाही नियम मोडत नाहीत. नियम पाळूनच ते मुलांना ओलाफच्या हवाली करतात. मुलांनी हे कितव्या वर्षी वाचावं ते तुम्ही ठरवा, मोठ्यांनी मात्र जरूर वाचावं.

मानखुर्दची कार्यकर्ती:
मी बालगृहांतल्या मुलांबरोबर काम करते. माझा आक्षेप मुलुंडकरांहून वेगळा आहे आणि तो मला फार गंभीर वाटतो.

अंधार, मरण, खलनायक, याने माझी मुलं घाबरत नाहीत. त्यांनी त्याहून जास्त पाहिलंय. पण तेरा पुस्तकं मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसवतात: मोठ्यांना सांगून उपयोग नाही. पो ऐकत नाहीत. दुसऱ्या भागातले पालक मॉन्टी मामा, त्यांना वेषांतर केलेला ओलाफ ओळखता येत नाही आणि ते मरतात. तिसऱ्यातल्या जोसेफीन मावशी इतक्या भित्र्या की टेलिफोनलाही हात लावत नाहीत. शाळेतले मोठे हसतात. आम्ही वर्षानुवर्षं मुलांच्या मनात उलट रुजवायची खटपट करतो: सांग. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीचा चाइल्डलाइनचा फोन क्रमांक इथेच, मुंबईत, १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला, तो यासाठीच. सोडून दिलेलं किंवा हाल होत असलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. या व्यवस्थेत त्रुटी आहेत, मी रोज भांडते त्यांच्याशी. पण ती आहे. घरात मार खाणारं एखादं मूल तुमच्या शनिवारच्या गटातही असू शकतं. त्याने हे वाचून "बोललो तरी कोण ऐकणार" असं ठरवलं तर?

शिवाय, अनाथ असणं हा या पुस्तकांत कथानकाचा सोयीचा दरवाजा आहे. आईवडील दूर केले की साहस सुरू. माझ्याकडची मुलं तशी जगत नाहीत. त्यांना रात्री आई आठवते.

गोरेगावची वाचक:
मानखुर्दताई, पहिला मुद्दा पूर्ण दिवस डोक्यात घोळत राहिला. माझं उत्तर असं. ही मुलं सांगायचं थांबवत नाहीत. पुन्हा पुन्हा, नव्या नव्या पालकांना, पुराव्यासकट सांगतात. वाचणारं मूल पानापानावर ओरडतं, "अहो, ऐका ना त्याचं!" दोष कुणाचा, याबद्दल वाचकाच्या मनात जराही शंका राहत नाही. मार खाणाऱ्या मुलाला बहुतेकदा वाटत असतं की चूक आपलीच. हे पुस्तक त्याला सांगतं, तुझी नाही.

आणि दुसऱ्या मुद्द्याबद्दल: आईवडिलांची आठवण या पुस्तकांत पुसलेली नाही. भावंडं पदोपदी म्हणतात की आई असती तर हे असं केलं असतं, बाबांनी हे वाचून दाखवलं होतं. विनोद आहे तो निवेदकाच्या आवाजात आणि मोठ्यांच्या बावळटपणात. मुलांचं दुःख लेखकाने कुठेही थट्टेवारी नेलेलं नाही.

विलेपार्ल्याची शिक्षिका:
मधेच बोलते. बाराव्या पुस्तकात मुलं स्वतःच हॉटेलला आग लावतात. आत माणसं असताना. म्हणजे ज्या आगीने ती पोरकी झाली, तशीच. यावर कुणीच बोलत नाहीये. मला ती मालिकेची सर्वांत धाडसी जागा वाटते आणि तीच मी पाचवीच्या वर्गात वाचून दाखवणार नाही. आठवीत नक्की. "चांगली मुलं" असं वागतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं, यावर तेरा-चौदा वर्षांची मुलं तासभर भांडू शकतात, दहाची नाही. तेव्हा सगळी तेरा एका सुट्टीत देऊ नका.

परळचा ग्रंथप्रेमी:
बाईंशी सहमत. शेवटाबद्दलही पालकांना आधी सांगून ठेवा. तेरावं पुस्तक बरीच गुपितं उघडत नाही. ज्याच्या मागे सगळे लागलेले असतात त्या साखरेच्या भांड्यात काय होतं हे वाचकाला तिथे कळत नाही. माझ्या भाच्याने पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. मला मात्र तो शेवट प्रामाणिक वाटतो. आईवडील गेलेल्या मुलांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात कुठे?

मानखुर्दची कार्यकर्ती:
"तुझी चूक नाही" हे मान्य. ते तुम्ही बसून बोललात तर. मूल एकटं वाचेल तर त्याच्यापर्यंत नुसती हतबलता पोचेल, या मतावर मी ठाम आहे.

गोरेगावची वाचक:
मग एकटं वाचू देणार नाही. पहिल्या शनिवारी पहिलंच पुस्तक, आणि बँकेतल्या प्रसंगावर थांबायचं. मुलांनाच विचारीन: पोंनी ऐकलं नाही, आता ही तिघं कुणाकडे जाऊ शकतात? फळ्यावर १०९८ लिहीन. ताई, तुम्ही त्या दिवशी याल का? समितीपुढे मुलाला नेतात म्हणजे नेमकं काय होतं, हे तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. बाकीचे भाग मुलांच्या वयाप्रमाणे, पार्ल्याच्या बाईंनी सांगितलं तसे. पाचव्याच्या पुढे या सुट्टीत जाणार नाही.

मानखुर्दची कार्यकर्ती:
येते. संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवा, मला हार्बरने येऊन वडाळ्याला गाडी बदलावी लागेल. आणि पालकांनाही बसवा.

मुलुंडकर बाबा:
पालकांना बसवणार असाल तर मीही येईन. मुलीला आणणार नाही. ती बाराची होईल तेव्हा पहिलं पुस्तक मी स्वतः तिच्या हातात देईन आणि शेजारी बसेन. आत्ता नाही, यावर माझं मत बदललेलं नाही.