सोसायटी ग्रुप : नांदेड दोन तासांत होईल का?

बी २०२ : नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून परळी-औंढा करायचं चाललंय. सासूबाई आणि दोन्ही मुलं सोबत आहेत. नांदेडचा गुरुद्वारा जाता जाता दोन तासांत होईल का? इतक्यात कोणी जाऊन आलंय?

डी ४०२ : आम्ही अमृतसर केलंय वहिनी. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, अटारी सीमेवरचा सोहळा, सगळं बघितलं. नांदेडला त्या मानानं फारसं काही नाही असं ऐकलंय. दोन तास पुष्कळ झाले.

सी ५०१ : माझं माहेर नांदेडचं, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबलचक लिहिणार आहे, वाचून घ्या.

दोन तासांत दर्शन होईल, नांदेड होणार नाही. शिखांची पाच तख्तं, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठं आहेत. अमृतसरचं अकाल तख्त, आनंदपूरचं केशगढ, तलवंडीचं दमदमा साहिब, बिहारमधलं पाटणा साहिब आणि आपलं नांदेडचं हुजूर साहिब, म्हणजेच सचखंड गुरुद्वारा. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ साली इथे गोदावरीकाठी देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी सांगितलं की माझ्यामागे कोणी माणूस गुरू होणार नाही, आता आपला धर्मग्रंथ, ग्रंथसाहिब, हाच गुरू. आज जगात कुठल्याही गुरुद्वाऱ्यात जा, माथा ग्रंथासमोर टेकवतात. त्या गोष्टीवर शिक्कामोर्तब नांदेडात झालं. लंडनची, कॅनडाची शीख माणसं विमानं बदलत आमच्या गावी येतात ती त्यासाठी. आणि आपण मराठी माणसं परळीहून औंढ्याला जाताना 'वाटेत आहे तर बघून घेऊ' म्हणतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

डी ४०२ : ताई, हे खरंच ठाऊक नव्हतं. लिहा अजून.

ए ३०३ : मावशी, पण गुरुजी पंजाब सोडून इतक्या लांब नांदेडला कशाला आले?

सी ५०१ : १७०७ मध्ये औरंगजेब मेला, तो आपल्या अहिल्यानगरलाच. गादीवर आलेला बहादूरशहा भावाचं बंड मोडायला दक्षिणेत निघाला आणि गुरुजी त्याच्याबरोबर होते. पंजाबातल्या सरहिंदच्या नवाबानं, वजीरखानानं, त्यांच्या दोन धाकट्या मुलांचा जीव घेतला होता. त्याचा न्याय बादशहाकडून होईल अशी आशा होती. तो काही झाला नाही. बादशहा पुढे गेला, गुरुजी नांदेडला राहिले. इथेच एका पठाणानं त्यांच्यावर वार केला. जखम शिवली होती, भरतही आली होती. एक दिवस त्यांनी कडक धनुष्य ओढलं आणि टाके उसवले, असं सांगतात. वय अवघं बेचाळीसच्या आसपास. चारही मुलगे आधीच गेलेले. त्या अवस्थेतही त्यांनी घराण्याची गादी मागे ठेवली नाही, ग्रंथाला मान दिला. मला दरवेळी तिथे उभं राहिलं की हेच आठवतं.

ए ३०३ : आणि बंदासिंग बहादूर नांदेडचाच ना? आम्हाला अभ्यासक्रमात जेमतेम एक ओळ होती.

सी ५०१ : जन्मानं नाही. माधोदास नावाचा बैरागी होता, गोदावरीकाठी मठ करून राहायचा. तिथे गुरुजींची भेट झाली आणि 'मी तुमचा बंदा' म्हणून तो त्यांचा झाला. इथून पंजाबात गेला, १७१० मध्ये त्यानं सरहिंद घेतलं, गुरूंच्या नावानं नाणी पाडली, कसणाऱ्याला जमीन दिली. १७१६ मध्ये दिल्लीत त्याला हाल हाल करून मारलं. त्याच्या मठाच्या जागी आज बंदाघाटाचा गुरुद्वारा आहे. मुलांना आधी तिथे न्या, मग सचखंडला.

ए १०४ काका : रेल्वेनंही सोयीचं आहे बरं. पनवेल-नांदेड गाडी पुण्यावरून जाते, सकाळी नांदेड. आणि नांदेडहून अमृतसरला रोज सचखंड एक्सप्रेस सुटते. तिच्यात प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतं. मनमाडला मी स्वतः बघितलंय. गाडी थांबली की सेवेकरी बादल्या घेऊन डब्याशी हजर. ज्यांना माहिती असतं ते घरूनच ताटली घेऊन बसतात. कोण कुठल्या धर्माचा, तिकीट कुठलं, कोणी विचारत नाही.

बी २०२ : काका, सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे गाडीच बरी. ताई, मुक्काम केला तर नेमकं काय काय बघायचं?

सी ५०१ : संध्याकाळ आणि पहाट. बाकीचं मग.

दिवसभर सगळेच जातात. संगमरवरी अंगण, सोन्याचा कळस, फोटो, परत. पण संध्याकाळी रहिरासच्या, म्हणजे सांजप्रार्थनेच्या पाठानंतर जी आरती होते ती जरूर बघा. बाकी गुरुद्वाऱ्यांत सहसा अशी आरती नसते, इथे तबकात दिवे घेऊन होते. आतल्या खोलीत पुजारी सोडून कोणाला प्रवेश नाही. ती गुरुजींच्या अंगिठ्याची, म्हणजे अंत्यसंस्काराची जागा. पण त्यांची शस्त्रं बाहेर जमलेल्या संगतीला, म्हणजे भाविकांना दाखवतात. तलवारी, ढाल, धनुष्य. पुजारी एकेक शस्त्र उचलून नाव सांगतात आणि सगळं अंगण जयकारा करतं. लहानपणी आजीच्या कडेवरून मी ते बघायचे.

पहाटेची गोष्ट वेगळी. मध्यरात्र उलटल्यावर गागरिया सिंग गोदावरीवरून गागर भरून चालत आणतात, त्याच पाण्यानं आतली जागा धुतात. एक दिवस चुकत नाही. पूर असो, थंडी असो. अनवाणी पायांचा माणूस, खांद्यावर गागर, पुढे वाट मोकळी करणारे. हे बघायला अंथरुणातून उठावं लागतं, म्हणून मुक्काम.

बी २०२ : आम्ही शीख नाही, तर लंगरला बसलेलं चालतं? पैसे किती द्यायचे?

सी ५०१ : चालतं काय, बसायलाच हवं. पैसे कोणी मागत नाही. मनात आलं तर गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत टाका. पंगतीत जमिनीवर मांडी घालायची. सासूबाईंना जमत नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा, ते सोय करून देतात. पोळी वाढताना आपण हात मागे घेतो ना, तसं करायचं नाही. दोन्ही तळवे जोडून पुढे करायचे आणि पोळी त्यात घ्यायची, तिला परसादा म्हणतात. कडा प्रसाद, म्हणजे तुपातला शिरा, तोही ओंजळीत. तुपानं हात माखतात, मुलं खूश होतात. ताटात काही उरवायचं नाही तेवढं बघा, आणि जेवण झाल्यावर मुलांना भांडी घासायला सोडा. माझ्या मुलीनं पहिल्यांदा भांडं घासलं ते तिथेच.

डोकं सगळ्यांनी झाकायचं, पुरुषांनीसुद्धा. रुमाल तिथे मिळतात. चपला जोडाघरात ठेवायच्या, पाय धुऊन आत जायचं. तंबाखू-सिगरेट खिशातही नको.

सेक्रेटरी : ताई, तिकडचे सरदारजी इतकं छान मराठी कसं बोलतात?

सी ५०१ : कारण ते मराठवाड्याचेच आहेत. आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधून घेतली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. बांधकामासाठी कारागीर आले, निजामाच्या चाकरीसाठी शीख फौज आली, त्यातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली. त्यांना दखनी शीख म्हणतात. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी सणाला पुरणपोळी असायची आणि दारात निशाण, म्हणजे शिखांचा ध्वज. तिची आई माझ्या आईला 'वहिनी' म्हणायची. बाहेरचे लोक त्यांना पंजाबहून आलेले समजतात तेव्हा त्यांना लागतं.

ए १०४ काका : वहिनी, औंढ्याला जाताय तर नरसी चुकवू नका. नामदेव महाराजांचं गाव, हिंगोली जिल्ह्यातच. महाराजांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे, २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. मी वारकरी माणूस. नांदेडला ग्रंथासमोर उभा राहिलो तेव्हा म्हटलं, आत आपले नामदेवराय बसलेत. डोळे भरून आले.

सी ५०१ : काका, अगदी. आधी नरसी, मग औंढा, मग नांदेड असा क्रम लावा वहिनी, मुलांना सगळं जोडून कळेल. शहरातलं बाकी थोडक्यात. नगीनाघाटचा गुरुद्वारा सचखंडच्या जवळ, नदीकाठी. हिराघाट आणि माता साहिब हे गुरुद्वारे गावाबाहेर. खालसा पंथाची आई मानल्या जाणाऱ्या माता साहिब देवां तिथे राहत. शिकारघाट, माळटेकडी, संगत साहिब हे गुरुद्वारे रिक्षानं होतात. नंदगिरीचा किल्लाही नदीकाठी आहे, पण ज्याला खराच किल्ला बघायचाय त्यानं कंधारला जावं. राष्ट्रकूटांच्या काळातलं गाव आणि भोवती खंदक, माझ्या मते नांदेड जिल्ह्यातली सर्वांत दुर्लक्षित जागा.

बी २०२ : ताई, आता दोन तासांचा विषयच संपला. पण दिवाळीत गेलं तर चालेल का, की गर्दी?

सी ५०१ : गर्दी भरपूर. पण सांगू का, ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळालं तो दिवस कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणजे आपली भाऊबीज. गुरुजी गेले ती पंचमी. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानही असतं, गोदावरीच्या पाण्यानं तख्त आणि शस्त्रं धुतात, हजारो माणसं घागरी घेऊन नदीवर जातात. माझ्या माहेरी भाऊबीजेचं ओवाळणं उरकलं की सगळे गुरुद्वाऱ्यात जायचो.

डी ४०२ : मग आम्हीही येऊ का बरोबर? आमची गाडी मोठी आहे, काकूंना पुढे बसवू.

बी २०२ : या ना! मुलांनाही सोबत होईल. सासूबाई म्हणतायत, भांडी मीही घासणार, मला खुर्ची द्यायला सांगा.

सी ५०१ : त्यांना भाजी निवडायला बसवा, तिथे बसूनच काम असतं. खोल्यांचं मात्र आजच बघा. यात्री निवासाच्या खोल्या त्या आठवड्यात लवकर भरतात. नाहीच मिळाली तर मला फोन करा, माझ्या भावाच्या घरी वरचा मजला रिकामा आहे.