कार्थेज आपल्याच सेनापतींना मृत्युदंड का देत असे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात सध्या रोम आणि उत्तर आफ्रिकेतील प्राचीन नगरराज्य कार्थेज यांच्या युद्धांचे वाचन चालू आहे. इ.स.पू. २४१ मध्ये सिसिलीलगतच्या एगाडी बेटांजवळ आरमार हरल्यावर कार्थेजने हॅनो या सेनापतीला क्रुसावर चढवले, हे वाचून आम्ही सारेच अस्वस्थ झालो. अशा धास्तीखाली सेनापती बिचकत नसतील का? आणि मग रोमला हादरवणारा हॅनिबलसारखा धाडसी सेनापती त्याच राज्यात कसा निपजला?

उत्तर १ (आर्वी, वर्धा):
भाऊ, याचे मूळ राज्यव्यवस्थेत आहे. दरवर्षी निवडले जाणारे सुफेत नगराचा कारभार पाहत, तर फौज वेगळ्या सेनापतीच्या हाती असे आणि त्याचे पद वर्षाने संपत नसे. भाडोत्री फौजेच्या बळावर त्याने सत्ता बळकावू नये, म्हणून १०४ जणांचे न्यायमंडळ त्याला जाब विचारी. रोमचे कॉन्सुल, म्हणजे फौजेचे नेतृत्व करणारे सर्वोच्च अधिकारी, वर्षाने बदलत, त्यामुळे तिथे ही भीती कमी होती. हॅनिबलने कॅनी येथे रोमन फौजेचा संहार केल्यावर परतलेल्या व्हॅरो या कॉन्सुलचे तर रोमच्या सिनेटने आभार मानले. हॅनोची जहाजे धान्याने लादलेली होती आणि खलाशी नवखे होते. माझ्या मते त्याच्यावर अन्यायच झाला.

उत्तर २ (मेहकर, बुलढाणा):
सेनापती बिचकत, याला पुरावा आहे. रोमन सेनापती रेग्युलस आफ्रिकेत उतरला तेव्हा कार्थेजच्या सेनापतींनी हत्ती आणि घोडदळ असूनही डोंगराळ भाग धरून ठेवला. सपाट मैदानात उतरा, हे सांगायला झँथिपस हा स्पार्टाचा भाडोत्री योद्धा यावा लागला, आणि इ.स.पू. २५५ मध्ये सुमारे १०० हत्तींच्या रेट्यापुढे रोमन फळी मोडून रेग्युलस कैद झाला.

हॅनिबलचे उत्तर मात्र स्पेनमध्ये सापडते. इ.स.पू. २३७ मध्ये त्याचा बाप हॅमिल्कार बार्का तिथे गेला, आणि चांदीच्या खाणींमुळे फौजेचा पगार राजधानीच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. इ.स.पू. २२१ मध्ये तरुण हॅनिबलला आधी सैन्याने निवडले, कार्थेजने नंतर मान्यता दिली. पण या स्वायत्ततेची किंमतही होती: राजधानीचा भक्कम पाठिंबा त्याला मिळाला नाही. कॅनीनंतर त्याचा भाऊ मागो याने मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या कार्थेजच्या सभेत जमिनीवर ओतल्या, तेव्हा विरोधी गटाच्या दुसऱ्या एका हॅनोने, रोमचे लॅटिन मित्र फुटले का, असा प्रश्न केला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. पुढे मागोची कुमक स्पेनकडे वळवण्यात आली, आणि इ.स.पू. २०७ मध्ये मेटॉरस नदीकाठी दुसरा भाऊ हॅस्द्रुबल मारला गेल्यावर त्याचे शीर हॅनिबलच्या चौकीपुढे फेकले गेले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मग इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत रोमकडून हरल्यावर हॅनिबल कसा वाचला?

उत्तर २:
त्याच्या तोलाचा माणूस कार्थेजकडे उरला नव्हता. उलट इ.स.पू. १९६ मध्ये तो सुफेत झाला आणि तहहयात पद भोगणाऱ्या न्यायाधीशांची दरवर्षी निवड व्हावी, असा कायदा त्याने करून घेतला. दुखावलेल्या विरोधकांनी रोमकडे तक्रारी केल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याला देश सोडावा लागला.